मिक रॉन्सन आणि स्पायडर्स फ्रॉम मार्स : तो आवाज नेमका येतो कुठून?

खुंटीपिळे

आज २९ एप्रिल. १९९३ साली याच दिवशी मिक रॉन्सन यकृताच्या कर्करोगाने गेला. वय ४६. इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या बाजूला उभा असलेला सोनेरी केसांचा गिटारवाला, एवढीच त्याची ओळख बऱ्याच जणांना असते, म्हणून आधी कुंडली. जन्म २६ मे १९४६, इंग्लंडमधलं हल. लहानपणी पियानो, रेकॉर्डर, व्हायोलिन. तरुणपणी 'द रॅट्स' या गावातल्या बँडमध्ये गिटार आणि पोटासाठी नगरपालिकेच्या बागखात्यात माळीकाम. १९७० च्या सुरुवातीला 'रॅट्स'चा जुना ड्रमर त्याला लंडनला न्यायला आला, तेव्हा हा रग्बीच्या मैदानावर पांढरे पट्टे आखत होता. ५ फेब्रुवारी १९७० ला तो बोवीबरोबर बीबीसी रेडिओवर वाजवत होता. ओळख जेमतेम दोन दिवसांची.

पुढची साडेतीन वर्षं म्हणजे 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड', 'हंकी डोरी', 'झिगी स्टारडस्ट', 'अलादीन सेन' आणि 'पिन अप्स'. ड्रम्सवर वुडी वुडमन्सी, आणि 'हंकी डोरी'पासून बेसवर ट्रेव्हर बोल्डर. हेच ते स्पायडर्स.

धागा मात्र श्रद्धांजलीपुरता काढलेला नाही. 'रॉन्सन टोन कसा काढायचा' हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुठेतरी येतो आणि उत्तरात पेडलची, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या पेट्यांची, यादी मिळते. यादी बरोबर असते, आवाज येत नाही. कारण तो आवाज अर्धा यंत्राचा आहे आणि अर्धा जागेचा. 'झिगी'मधली कुठलीही रचना घ्या. वरच्या पट्टीत बोवीची बारा तारांची अकूस्टिक, पियानो, तंतुवाद्यं. खाली बोल्डरचा बेस, तोही गप्प न बसणारा. मधे जी अरुंद गल्ली उरते त्यात रॉन्सन गिटार बसवतो. ना खाली सांडते, ना वर. खोलीत एकट्याने तोच आवाज काढलात तर पत्र्याचा डबा वाजल्यासारखा वाटेल. मग माणूस बास वाढवतो, बँडबरोबर वाजवायला गेला की सगळं गढूळ होतं, आणि दोष पेडलला.

साहित्य असं होतं : १९६८ ची गिब्सन लेस पॉल कस्टम, वरचा काळा रंग खरवडून काढलेली. सोला साउंड टोन बेंडर मार्क १ फझ, म्हणजे सूर मुद्दाम फाडणारं पेडल. क्राय बेबी वाह पेडल. आणि मार्शलचा २०० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला अँप), ज्याला 'पिग' म्हणायचे, बारा इंची चार स्पीकरच्या कॅबिनेटवर.

घरी सुरुवात करायला : ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबकी वेटोळं), गिटारचा टोन पूर्ण उघडा. अँप स्वच्छ चॅनेलवर, बास ३–४, मिडल ७, ट्रेबल ५. गेन (अँप आत येणारा सूर किती वाढवतो ते) जेवढा कमी ठेवता येईल तेवढा. घाण फझ करील, अँपने करायची नाही. २०० वॉटचा तो हेड सहजासहजी फाटत नसे. लोक याच्या बरोबर उलट करतात : अँपचा गेन ८ वर, वर फझ. दोन फाटलेले आवाज एकावर एक चढवले की सुराचा काठ जातो.

---

वाहवा_म्हणा

चांगला धागा, वाचनखूण साठवली. वाह पेडलबद्दल जरा विस्ताराने, कारण खरी किल्ली तिथे आहे.

रॉन्सन ते पेडल तालावर हलवत नसे. चालू करायचा, एका ठिकाणी आणून पाय स्थिर ठेवायचा. वाह पेडल म्हणजे एक हलता फिल्टर : साधारण ४०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झच्या मधला एक चिंचोळा पट्टा उचलून धरतो, बाकीचं दाबतो. खुंटीपिळे म्हणतात ती अरुंद गल्ली हीच.

जागा शोधायची पद्धत : फझ चालू, अँप नेहमीच्या आवाजावर. 'जी' (G) तारेवर १४व्या पट्टीवर (फ्रेटवर) एक सूर धरा आणि टाच दाबलेल्या स्थितीतून अतिशय सावकाश पंजा खाली न्या. पेडल स्वर बोलतं. टाचेला 'ऊ', मग 'ओ', मग 'आ', शेवटी टोकदार 'ॲ'. 'ओ' सरून 'आ' सुरू होतो तिथे थांबा. 'मूनेज डेड्रीम'च्या शेवटच्या सोलोचा रंग त्या आसपास सापडतो. बाजूला चिकटपट्टी लावून खूण करा, कारण मंचावर अंधारात ती जागा पुन्हा मिळत नाही.

काय बिघडतं : पाय काढला की पेडल आपोआप खाली सरकतं. आत दात्यांची पट्टी आणि लहानसं चक्र असतं, पट्टीला दाबून धरणारा नायलॉनचा तुकडा झिजतो. मागचं झाकण उघडा, त्या तुकड्यामागचा नट पाव फेरा घट्ट करा, तपासा, लागला तर आणखी पाव. एकदम पूर्ण फेरा मारलात तर दाते खाल्ले जातात. पेडल हलवताना खरखर येत असेल तर आतला पॉट (फिरवून बदलणारा रेझिस्टर) धुळीने भरलाय : काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीस वेळा वरखाली. तरी खरखर राहिली तर पॉट बदला. १०० किलोओहमचा असतो, पण वाहसाठी बनवलेलाच घ्या. साध्या पॉटमध्ये सगळा स्वर शेवटच्या अर्ध्या इंचात गोळा होतो.

---

रंगारी

गिटारचा रंग काढल्याने आवाज उघडा होतो असं रॉन्सनचं म्हणणं होतं. माझ्याकडच्या लेस पॉलच्या नकलेवर करावं का? पॉलिश काढायचं रसायन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

---

लाकूडतोड्या

@रंगारी, करू नका. सविस्तर सांगतो.

१९६८ च्या लेस पॉल कस्टमचं अंग महोगनीचं आणि वर मेपलची जाड फळी. त्याने वरचाच रंग काढला, म्हणून फोटोत पुढून फिकट लाकूड दिसतं. पोकळ अकूस्टिकच्या पातळ फळीवर रंगाच्या जाडीने फरक पडतो, ते खरं. इथे पावणेदोन-दोन इंचांचा भरीव ठोकळा आहे. रंगाच्या थराने ऐकू येईल असा फरक पडावा हे मला पटत नाही. पिकअपची उंची अर्धा मिलिमीटर हलवा, त्याहून जास्त फरक पडेल.

दुसरं, तुमच्या नकलेवर बहुधा पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असेल. त्याला रसायन नीट लागत नाही. लागलं तरी कडेची प्लॅस्टिकची बाइंडिंग आधी विरघळते. हीट गन वापरलीत तर बाइंडिंग आकसते आणि पातळ व्हिनियर फुगतं. स्वस्त नकलांत वरचं 'मेपल' अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनियर असतं, दोन वेळा घासलंत की खालचा सांधा दिसायला लागतो.

तिसरं, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर उघडं लाकूड जून ते सप्टेंबर पाणी पिणार आणि मार्चमध्ये सोडणार. मान वाकते, पट्ट्या काठाने बाहेर येतात. दिसण्यासाठीच करायचं असेल तर नंतर शेलॅकचे पातळ चार-पाच हात द्या.

---

सोल्डरताई

फझचा विषय माझा.

टोन बेंडर मार्क १ हे गॅरी हर्स्टने १९६५ मध्ये लंडनला बनवलं, अमेरिकन माएस्ट्रो फझ-टोनच्या सर्किटवरून, पण सस्टेन, म्हणजे सूर टिकणं, वाढवून. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ९ व्होल्ट. मूळ नग थोडेच बनले आणि आज त्यांची किंमत विचारूही नये. नकला मात्र घरी बनवता येतात. तीन गोष्टींत लोक आपटतात.

पहिली, ध्रुव. या सर्किटमध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर असल्याने पेटीच्या धातूला आणि केबलच्या जमिनीला (ग्राउंडला) बॅटरीचं धन टोक जोडलेलं असतं. बाकीच्या पेडलमध्ये ऋण. एकाच अडॅप्टरच्या फाटे फुटलेल्या वायरवर सगळी पेडल लावलीत तर ऑडिओ केबलच्या जाळीतून धन आणि ऋण थेट भिडतात. शॉर्ट. अडॅप्टर बंद पडतो नाहीतर तापतो. उपाय : या पेडलला स्वतंत्र ९ व्होल्टचा साधा झिंक-कार्बन सेल. वीज इतकी कमी खातं की सेल महिनोन्‌महिने जातो, फक्त वाजवून झालं की इनपुटची जॅक काढा. स्विच त्या जॅकमध्येच असतो, जॅक राहिली की सेल रात्रभर झिरपतो.

दुसरी, उष्णता. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधली गळती साधारण दर ८–१० अंशांना दुप्पट होते. लंडनच्या २० अंशांतल्या स्टुडिओत जुळवलेलं सर्किट ४० अंशांच्या विदर्भातल्या मेमध्ये चौपट गळतं. सूर धरला की फर्रफर्र करून मधेच तुटतो, सेल संपत आल्यासारखा. सेल बदलून काही होत नाही, बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर जुळवलेला असतो ते, सरकलेलं असतं. म्हणून बनवताना शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला पक्क्या रेझिस्टरऐवजी ट्रिमर (फिरवून जुळवता येणारा रेझिस्टर) बसवा आणि त्याचा दांडा पेटीबाहेर काढा. कार्यक्रमाच्या जागी पोचून, पेडल अर्धा तास तिथल्या हवेत ठेवून, मग जुळवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतून काढून लगेच वाजवायचं नाही.

तिसरी, खोटे ट्रान्झिस्टर. भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने एसी १२८ अजून फिरतात, लॅमिंग्टन रोडला विचारलं तर मिळतात. मूळचा माल उत्तम. पण त्याच नावाने सिलिकॉनही खपवतात. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, बेस आणि एमिटर मोजा. ०.२ ते ०.३ व्होल्ट दाखवलं तर जर्मेनियम. ०.६ च्या पुढे गेलं तर परत द्या.

जर्मेनियम निघाला म्हणजे चांगला असं नाही. गळती मोजा : एमिटर सेलच्या धन टोकाला. कलेक्टर २.४ किलोओहम आणि ६८ ओहम एकापुढे एक जोडून ऋण टोकाला. बेस मोकळा. या दोन रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाचा. आता बेसपासून ऋण टोकाला २.२ मेगाओहम लावा, पुन्हा वाचा. दोन आकड्यांतला फरक गुणिले १०० म्हणजे खरा गेन. उदाहरणार्थ, आधी ०.२५ आणि नंतर १.१५ आलं तर गेन ९०, गळती सुमारे १०० मायक्रोॲम्पिअर. हा चालेल. आधीचाच आकडा ०.७ च्या वर असेल तर गळती ३०० च्या घरात, बाजूला ठेवा. आणि ट्रान्झिस्टर बोटांत धरून मोजू नका. नुसत्या बोटाच्या उबेने आकडा डोळ्यांदेखत चढतो. सर्किटमध्ये लावून हात काढा, दोन मिनिटं थांबा, मग वाचा.

---

खुंटीपिळे

सोल्डरताई, साष्टांग. एक भर : मार्क १ गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर साफ होत नाही, नंतरच्या दोन ट्रान्झिस्टरवाल्या फझांसारखं नाही. व्हॉल्यूम ५ वर आणला की सूर बारीक होण्याऐवजी तुटतो. साफ भाग वाजवायचा तर पेडल बंदच करायचं.

---

नवखा_प्लेक्ट्रम

वाह आधी की फझ आधी? वाह आधी लावला तर फझ चालू करताच शिट्टी वाजते आणि वाहचा स्वर गायब.

---

वाहवा_म्हणा

हा सर्वांनाच येणारा अडथळा आहे. जर्मेनियम फझचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी. जुन्या वाहच्या आउटपुटला त्याचा भार पेलत नाही, फिल्टर कोसळतो, म्हणून स्वर जातो. शिट्टी वेगळ्या कारणाने, फझ वाहच्या टोकाला वाढवत राहतो म्हणून. मार्ग तीन. एक : फझ आधी, वाह नंतर. मग वाह फझने तयार केलेले वरचे सूर कापतो आणि स्वर जास्त ठळक येतो. 'एका जागी थांबलेला वाह' हवा असेल तर हाच क्रम सोपा. दोन : वाह आधीच ठेवून मधे एक बफर, म्हणजे पुढचा भार मागे पोचू न देणारं छोटं सर्किट. तीन : फझच्या इनपुटला सिग्नलच्या वाटेत १० ते ४७ किलोओहमचा एक रेझिस्टर. फझ थोडा मवाळ होतो, पण वाह जिवंत राहतो. यातला तिसरा उपाय फुकटात पडतो, आधी तो करून बघा.

---

तारसप्तक

फीडबॅकबद्दल, म्हणजे स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा कंपत राहते त्याबद्दल, कुणी बोललं नाही. 'झिगी' काळातल्या थेट कार्यक्रमांत तो सूर धरून गिटार वर उचलतो आणि सूर वाढतच जातो, ते पेडलने नाही, अँपसमोर उभं राहून.

२० वॉटच्या अँपवर येईल का? येईल. २०० वॉट म्हणजे २० च्या दहापट जोर, पण कानाला फरक १० डेसिबल, म्हणजे साधारण दुप्पट मोठा आवाज. छोट्या अँपच्या एक मीटर जवळ जा, खुर्चीवर ठेवून स्पीकर कमरेच्या उंचीला आणा, गिटारचा दर्शनी भाग स्पीकरकडे तिरका वळवा. सूर एकदम न येता दोन-तीन सेकंदांत फुलला पाहिजे. चटकन कर्कश किंचाळी आली तर तो तारेचा फीडबॅक नाही, पिकअपची वेटोळी सैल झालीत. पिकअप मेणात बुडवावा लागतो : ८० टक्के पॅराफिन, २० टक्के मधमाश्यांचं मेण, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून ६५ अंश, दहा-पंधरा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. थर्मामीटर ठेवाच. त्याच्या वर गेलं की बॉबिनचं प्लॅस्टिक वाकतं. आणि थेट ज्वाळेवर मेण कधीही नाही.

---

चौथी_तार

सगळे फझ आणि वाहमध्ये अडकलेत म्हणून लिहिते. रॉन्सनचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते गिटारचं नाही, 'लाइफ ऑन मार्स?'च्या तंतुवाद्यांचं आहे.

पियानो रिक वेकमनचा, लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत. अंतऱ्यात खर्ज अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरतो : एफ, ई, ई फ्लॅट, डी. पेटीवर पांढरी चार सा धरा आणि सा, शुद्ध नी, कोमल नी, ध असं उतरा, लगेच ओळखू येईल. सुरुवातीला फक्त पियानो आणि गळा. तंतुवाद्यं लगेच येत नाहीत, आली की मग मागे हटत नाहीत. आणि ध्रुवपदानंतर जिथे कुठलाही गिटारवाला आपली हौस भागवील तिथे रॉन्सन चार ओळींची साधी, गाता येईल अशी चाल वाजवतो आणि बाजूला होतो.

तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी अशी रचना करून बघणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी. उतरणारी चाल चेलोला देऊ नका, तिथे बेस गिटार आधीच आहे, दोघांचा चिखल होतो. ती व्हायोलाला द्या, एक सप्तक वर. पहिल्या व्हायोलिनने गायकाच्या चालीला चिकटून जायचं नाही. गायक थांबतो त्या श्वासात उत्तर द्यायचं. आणि गिटारला जिथे फझ आहे तिथे मधली वाद्यं गप्प ठेवा, कारण फझचे वरचे सूर आणि व्हायोलाचे मधले सूर एकाच जागी भांडतात. चार वादकांचे सोळा वाटावेत म्हणून लोक तोच ट्रॅक चिकटवून दुप्पट करतात. त्याने फक्त आवाज मोठा होतो, दाटी येत नाही. चौघांकडून दोनदा वाजवून घ्या, दुसऱ्या वेळी जागा अदलाबदल करून. सुरांतला बारीकसा फरक म्हणजेच दाटी.

लू रीडच्या 'ट्रान्सफॉर्मर'ची (१९७२) निर्मिती बोवी आणि रॉन्सन दोघांची. त्यातल्या 'परफेक्ट डे'चा पियानो आणि तंतुरचना रॉन्सनचीच. गिटारवर जीव असलेला माणूस तिथे गिटार जवळपास विसरतो.

---

बोवीभक्त

मान्य, पण डोकं बोवीचंच होतं ना. 'रिबेल रिबेल'ची गत (रिफ) रॉन्सनने वाजवली पण सुचली बोवीला.

---

खुंटीपिळे

दुरुस्ती : 'रिबेल रिबेल'वर रॉन्सन नाहीच. ते १९७४ च्या 'डायमंड डॉग्ज'चं, तोपर्यंत तो वेगळा झाला होता. रॉन्सनची आठवणीतली गत हवी तर 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'ची घ्या.

आणखी एक गैरसमज याच निमित्ताने : 'सफ्रगेट सिटी'त सॅक्सोफोन आहे असं लोक शपथेवर सांगतात. तो एआरपी सिंथेसायझर आहे.

डोकं कुणाचं या वादात 'मूनेज डेड्रीम' हे चांगलं उदाहरण. सोलो कसा हवा हे बोवीने कागदावर रेषा काढून दाखवलं : आधी सरळ रेघ, मग कर्ण्यासारखी रुंदावत जाणारी, शेवटी तुटक रेषांचे फवारे. कल्पना बोवीची, खरंच. पण त्या रेघेचा सूर करणं, कुठे थांबायचं आणि कुठला सूर ताणायचा हे ठरवणं कागदावर नव्हतं. 'झिगी'च्या वेष्टनावर वाद्यरचनेसाठी (अरेंजमेंट) दोघांची नावं आहेत, ती उगाच नाहीत.

---

चौथी_तार

+१. पुढचाही दाखला द्यावा : १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं जॉन मेलेनकँपचं 'जॅक अँड डायान'. ते गाणं टाकूनच द्यायचं ठरत होतं. रॉन्सनने त्यात बाळाचे खुळखुळे घाला म्हणून सुचवलं आणि मधल्या भागात समूहस्वर. तिथे बोवी नव्हता.

---

खर्जातला

स्पायडर्स म्हणायचं आणि बेस-ड्रम्सबद्दल दोन ओळीही नाहीत, हा अन्याय झाला.

ट्रेव्हर बोल्डर हलचाच, मूळचा ट्रम्पेटवाला. 'हंकी डोरी'वरच्या 'कुक्स'मध्ये त्याचा ट्रम्पेट ऐकू येतो. बेसमध्येही वाऱ्यावरच्या वाद्याची सवय दिसते, तो ओळी श्वास घेऊन वाजवतो. गिब्सन ईबी-३, साडेतीस इंच लांबीची, म्हणजे फेंडरच्या ३४ इंचांहून बरीच आखूड. तार सैल, सूर गोल, टोक बोथट. आज 'झिगी'चा बेस वाजवताना लोक ३४ इंची बेसवर नव्या कोऱ्या तारा चढवून वाजवतात, मग खणखणीत आवाज रॉन्सनच्या गल्लीत घुसतो. उपाय : मानेजवळचा पिकअप, टोन अर्धा बंद, ब्रिजखाली फोमचा तुकडा, आणि बोटं मानेच्या टोकाशी. जुन्या तारा असतील तर फेकू नका, याच कामाला ठेवा. 'झिगी स्टारडस्ट' या शीर्षकगीताचे सूर सोपे, अंतऱ्याला जी, बी मायनर, सी, डी, पण सुरुवातीच्या गतीत खर्ज सीवरून बी, ए असा उतरत जीवर येतो. तो गिटार आणि बेस दोघांनी एकत्र उतरला पाहिजे. बेसवाला जी धरून बसला की गत लंगडी होते.

वुडीची खासियत म्हणजे न वाजवणं. ओळींच्या शेवटी तो भरणा टाकतो, मधे नाही. 'फाइव्ह इयर्स' साध्या ड्रम्सने सुरू होतं आणि त्याच ड्रम्सने मावळतं. तो ठेका वेगात वाजवायचा मोह होतो. जरा मागे रेलून वाजवा.

शेवट मात्र बरा झाला नाही. १९७३ च्या दौऱ्यात पियानोवादक माइक गार्सनला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात हे बोल्डर आणि वुडीला कळलं. ३ जुलै १९७३ ला हॅमरस्मिथ ओडियनच्या मंचावर बोवीने 'हा शेवटचा कार्यक्रम' जाहीर केलं तेव्हा या दोघांना कल्पना नव्हती. रॉन्सनला होती. 'पिन अप्स'वर ड्रम्स एन्स्ली डनबारने वाजवले. बोल्डर नंतर 'उराया हीप' या बँडमध्ये गेला, २१ मे २०१३ ला तोही गेला.

---

पाचगणीकर

अवांतर : रॉन्सनचा शेवटचा मोठा कार्यक्रम म्हणजे २० एप्रिल १९९२, वेंब्ली, फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ. बोवीबरोबर 'हीरोज' वाजवलं, आणि 'मॉट द हूपल'चा गायक इअन हंटर याच्यासोबत 'ऑल द यंग ड्यूड्स'. तोपर्यंत आजाराचं निदान झालेलं होतं. फ्रेडी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्सचा फारुख बलसारा, तिथल्या 'द हेक्टिक्स'मध्ये पियानो वाजवणारा, हे इथे सांगायला नको. पण क्वीनचा पहिला अल्बमही त्याच ट्रायडंटमध्ये, दुसऱ्यांची सत्रं संपल्यावर उरलेल्या वेळात झाला, हे कमी जणांना ठाऊक असतं.

---

नवखा_प्लेक्ट्रम

सगळे अल्बम ऐकलेत. थेट कार्यक्रमांतलं काय ऐकावं, म्हणजे हा आवाज वेगळा काढून कळेल?

---

तारसप्तक

तीन पुरेत.

'द जीन जीनी', बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात, जानेवारी १९७३. बीबीसीने टेप पुसली होती. कॅमेरामनने स्वतःसाठी ठेवलेली प्रत सापडली आणि डिसेंबर २०११ मध्ये ती पुन्हा दाखवली. ओठ हलवणं नाही, खरंच थेट वाजवलंय. फझ आणि अँप यांचं नातं इथे सगळ्यात स्वच्छ कळतं, वर पियानो आणि तंतुवाद्यं नाहीत.

हॅमरस्मिथ, ३ जुलै १९७३, 'द विड्थ ऑफ अ सर्कल'. बोवी कपडे बदलायला आत जातो आणि रॉन्सन मिनिटांमागून मिनिटं एकटा खेळवतो. वाहची जागा बदलताना कान द्या, तो ती वाक्याच्या शेवटी बदलतो, मधे नाही. याच कार्यक्रमात गिटारवादक जेफ बेक पाहुणा होता. या कार्यक्रमावरच्या पेनबेकरच्या चित्रपटातून त्याचा भाग वगळला होता, २०२३ च्या पन्नास वर्षांच्या आवृत्तीत तो परत आलाय. दोघांचे आवाज शेजारी ठेवून ऐका : बेकचा आवाज पसरतो, रॉन्सनचा एका जागी टोचतो.

तिसरं 'लाइफ ऑन मार्स?'च, पण शेवटची काही सेकंदं आवाज वाढवून. गाणं विरल्यावर फोनची घंटी वाजते. आधीच्या एका टेकमध्ये स्टुडिओचा फोन वाजला म्हणून वादन थांबवलं होतं. टेप पुढे वापरली तेव्हा तो तुकडा मागे राहून गेला.

---

नवखा_प्लेक्ट्रम

धन्यवाद. फझच्या इनपुटला २२ किलोओहम लावला. शिट्टी थांबली, वाहचा 'ओ' परत आला. ४७ लावल्यावर फझ फारच मऊ होतोय.

---

सोल्डरताई

मग २२ च ठेवा. ट्रिमर अजून पेटीच्या आतच असेल तर तेवढा बाहेर काढून घ्या, मे यायला दोन दिवस उरलेत.